सरस आणि किळस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला सगळी इमारत ‘शीताई’ म्हणते. खरं नाव वेगळं आहे, पण बोलायला लागली तेव्हा हिच्या तोंडून ‘आई’ निघायच्या आधी ‘शी’ निघालं, असं तिची आईच सांगते. दुधावरची साय, शी. दमट टॉवेलचा वास, शी. जिन्याचा चिकट कठडा, दुसऱ्याच्या ओठांचा ठसा राहिलेला पेला, जेवताना मचमच करणारा माणूस, शी, शी आणि शी. मी खाली शिवणकाम करते. माझ्याकडे माप द्यायला आली की आधी माझी नखं बघायची, मग टेपचं टोक बघायची, आणि मगच हात वर करायची. टेपला तेलाचा डाग दिसला की त्या दिवशी माप राहिलं.

अशा नाजूक नाकाच्या मुलीने शाळेत काय काय केलं ते ऐका.

त्यांच्या शाळेत दर वर्षी चार विषयांचा मिळून एक प्रकल्प असे. विषय आपण निवडायचा आणि त्याच्यावर चित्र काढायचं, कविता लिहायची, त्याचं विज्ञान सांगायचं आणि इतिहासही शोधायचा. कल्पना चांगली होती. पण चांगल्या कल्पनेचं घरोघरी काय होतं ते मला माहीत आहे, कारण निम्म्या आया रिबिनीचे तुकडे मागायला माझ्याकडेच येत. थर्माकोलचा सूर्य, थर्माकोलचं झाड, थर्माकोलचं फुलपाखरू. वर चमकी. वारा-तारा, फूल-मूल अशी यमकं. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे तर तयारच मिळायचा, फक्त नाव घालायचं बाकी. मुलं प्रकल्पाला हात लावत ते रिक्षातून उतरवताना.

शीताई सातवीत असताना तिच्या डोक्यात उवा झाल्या. आईने फणी घेऊन वर्तमानपत्रावर पहिली ऊ पाडली तेव्हा ही किंचाळली ती थेट माझ्या मशीनपाशी ऐकू आली. न्हाणीघरात कोंडून घेतलं, जेवली नाही, मुंडण करा म्हणून हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी मात्र खाली आली आणि म्हणाली, “काकू, तुमचं सुई ओवायचं भिंग द्याल का?”

त्या वर्षीच्या प्रकल्पासाठी तिने कागदावर ताटाएवढी ऊ काढली. पोट पारदर्शक, आत आपलंच रक्त, आणि पायाच्या टोकाला आकडा, केस धरून ठेवायला. इतकी हुबेहूब की मी हातातला चहा खाली ठेवला. इतिहासात तिने लिहिलं की तलवारीने मेले नाहीत एवढे शिपाई उवांनी पसरवलेल्या तापाने मेले, असं कित्येक युद्धांत झालंय. कविता म्हणजे ऊ आपल्या लिखांना म्हणते ती अंगाई. शाळेने तिला गुण दिले आणि चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं.

“अगं, एवढी शिसारी येते तर फुलपाखरू घे ना,” मी म्हटलं.

“फुलपाखराची किळस येत नाही ना, काकू. किळस आली की डोळा पुन्हा पुन्हा तिकडेच जातो. मग एकदा नीट बघून घेतलेलं बरं.”

आठवीत बुरशी झाली. पावाचे तुकडे माझ्या जिन्याखाली ठेवून तिने हिरवी, काळी, गुलाबी केसाळ बुरशी वाढवली, आणि मला महिनाभर पाव गिळेना. पण ऊ काय, बुरशी काय, बाहेरून आलेल्या गोष्टी. नववीत तिने घरातली गोष्ट घेतली.

तिचे बाबा रेल्वेच्या रुळांपलीकडे सरसाच्या कारखान्यात आहेत. सरस म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला डिंक. तपकिरी वड्या मिळतात, सुतार त्या पाण्यात वितळवून लाकूड जोडतात, पुस्तकबांधणीवाले पुठ्ठा चिकटवतात. वडीला फारसा वास नसतो. तो सगळा ती बनवणाऱ्याच्या अंगात मुरतो. हा माणूस जिना चढायला लागला की एकेका मजल्यावरची दारं लागत जायची. भांडण नाही, तंटा नाही, नुसती कडी. स्वभावाने गरीब गाय. घरी आला की त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, साबण वेगळा, आणि लेक समोरच्या खोलीतून आतल्या खोलीत. शाळेच्या फाटकाशी तो कधी उभा राहिला नाही. राहू नका असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, सांगावंही लागलं नव्हतं.

त्या वर्षी वर्गात भाषेच्या बाई नवरस शिकवत होत्या. शृंगार, वीर, करुण असं करत आल्या आणि म्हणाल्या, “बीभत्स परीक्षेला येत नाही, सोडून द्या.”

शीताई उभी राहिली. “बाई, मग आठच झाले.”

“खाली बस.”

घरी येऊन तिने शब्दकोश काढला आणि ‘रस’ शोधता शोधता ‘सरस’पाशी पोचली. तशीच धावत माझ्याकडे आली. तिचा चेहरा कुणीतरी फसवल्यासारखा झाला होता. “काकू, सरस म्हणजे रसाळ, उत्तम. बाई म्हणतात ना, सरस कविता! आणि सरस म्हणजे बाबांचा तो... तो वास. एकच शब्द! चालतंच कसं हे?”

“शब्दाला नाक नसतं, बाई,” मी म्हटलं आणि काजं करायला घेतली. ती काही हसली नाही.

त्या संध्याकाळी तिने बापाला सांगितलं, मला कारखाना बघायचाय. त्याच्या हातातला घासच थांबला म्हणे.

“नको. तुला जमायचं नाही.”

“प्रकल्प आहे.”

“साबणाचा घे की प्रकल्प. चांगला वास येतो.”

पण आठ दिवस तिने पिच्छा पुरवला, तेव्हा त्याने मुकादमाची परवानगी काढली आणि सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन गेला. परत आली ती आधी माझ्याच दारात बसली. बूट हातात होते. त्यांच्यावर ती ओकली होती.

जे सांगितलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. अंगणात एक काळा ढीग होता. बाबांनी पत्र्याचा डबा वाजवला, आणि ढीग एकदम पांढरा झाला. काळं होतं ते सगळं माशा होत्या. खाली हाडं, त्यांना सुकलेली मांसाची लक्तरं, आणि त्यांच्यात वळवळणाऱ्या अळ्या, तांदळाचं पोतं सांडावं तशा. पुढे चुन्याच्या पाण्याचे हौद. त्यांत हाडं फुगून पडलेली, वर राखाडी साय. पुढे कढया, करडा फेस काढणारी माणसं, आणि अंगाला चिकटणारी गरम वाफ, श्वास घेतला की जिभेवर चव येणारी. शेवटी मात्र जाळ्यांवर वाळत घातलेल्या वड्या, उन्हात मधाच्या रंगाच्या. “काकू, वड्या सुंदर होत्या,” ती म्हणाली, “आणि त्यामुळे तर जास्तच कसंतरी झालं.”

“बाबा काय म्हणाले?”

“काही नाही. मी ओकताना त्यांनी पाठीवर हात नाही ठेवला. हात घाणेरडे होते ना. कोपराने धरलं मला.” तिने बूट दाराबाहेर सरकवले. “कोपराचीसुद्धा किळस आली.”

मला वाटलं, झालं, आता साबणाचा प्रकल्प होणार. कसलं काय! पुढच्या सुट्टीला ही पुन्हा गेली, नाकाला रुमाल आणि पिशवीत लिंबू घेऊन. येताना धुतलेली हाडं घेऊन आली.

त्यानंतरचा आठवडा या इमारतीत कुणी विसरलेलं नाही. आई कामावर गेलेली बघून शीताईने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि हाडं शिजवायला घातली. वास जिन्यावरून उतरून माझ्या खोलीत शिरला आणि भाड्याने राहायला आल्यासारखा राहिला. माझ्याकडे एका लग्नाचा फिक्कट रेशमी झगा शिवायला होता. नवरीने घालून बघितला, बाही हुंगली आणि म्हणाली, “यात काय मेलंय?” दोनदा वाफेवर धरला, तिसऱ्यांदा अत्तर मारलं, तर मेलेल्या जनावराने अत्तर लावल्यासारखा वास यायला लागला. नवरी आणि तिची आई दोघी परत आल्या नाहीत.

मी तावातावाने वर गेले. तिथे तिची आई माझ्याआधीच पेटलेली.

“पातेलं! माझं चांगलं पातेलं! आता यात काय शिजवू, तुझं डोकं?”

“आई, हाडात कोलॅजन असतं. दोरीच्या पिळासारखं. उष्णतेने पीळ सुटतो, आणि गार झालं की ते गोठतं—”

“माझाही पीळ सुटेल आता! एकाने बाहेरून आणायचा वास तो आणतोच आहे, वर ही घरी काढतेय!”

हे बोलताना तो माणूस दारात उभा होता, कामावरून नुकताच आलेला. बायको पातेल्यापासून बाजूला झाली. त्याने पातेल्यात वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “आच कमी कर. करपेल.” मग बादली घेऊन आत गेला.

प्रकल्प मात्र झाला. उरलेली हाडं झाकणाच्या डब्यात घालून तिने गच्चीवर जाळली, त्यांचा कोळसा कुटून काळा रंग केला. फळीवर आपल्याच सरसाचा हात दिला आणि त्या काळ्या रंगाने ढीग काढला, अर्धा माशांनी झाकलेला, अर्धा उघडा. इतिहासात तिने गुहांतल्या चित्रांपासून सुरुवात केली होती, तिथेही जाळलेल्या हाडांचा काळा रंग सापडतो. पुढे हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांमधल्या खुर्च्या, सरसाने जोडलेल्या. मग वाद्यं, जुनी पुस्तकं, जुने फोटोसुद्धा, कारण फोटोच्या फिल्मवर हाच पदार्थ धुऊनपुसून लावलेला असे. जगातलं किती सुंदर सामान मेलेल्या जनावराच्या आधाराने उभं आहे, ते वाचताना मला आपल्या घरातल्या टेबलावर कोपर टेकवावंसं वाटेना.

प्रदर्शनाच्या दिवशी तिच्या आईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेले. सभागृहात थर्माकोलचं रान माजलं होतं. शीताईच्या टेबलावर चित्र, तक्ता, आणि काचेच्या बरणीत थरथरणारा सरस. मुख्याध्यापिका आल्या, त्यांच्यामागे परीक्षक म्हणून बोलावलेल्या कुणी निवृत्त प्राध्यापिका. शीताईने बरणीचं झाकण काढलं मात्र, प्राध्यापिका बाई दोन पावलं मागे सरून फुलपाखराच्या टेबलावर जवळजवळ बसल्याच. मुख्याध्यापिकांनी शिपायाला खूण केली. त्याने कुठून तरी सुगंधी फवारा आणला आणि बरणीवर, तक्त्यावर, चित्रावर आणि बोलता बोलता शीताईच्या तोंडावरही मारला. मोगऱ्याचा होता. मोगरा आणि हाडं. मी आयुष्यात इतकी घाण हुंगली नाही.

“हे टेबल मुताऱ्यांच्या पॅसेजमध्ये न्या,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तिथे फरक पडणार नाही.”

नेलं. शीताई तिथे उभी राहिली. येणारी-जाणारी मुलं तिला नळ कुठे आहे ते विचारत होती.

दुपारी व्यासपीठावर कविता वाचायच्या होत्या. कविता बंद खोलीत वास सोडत नाही, म्हणून तिचं नाव यादीत राहिलं असावं. ती वर गेली, कागद उघडला, पहिली ओळ वाचली, आणि मान वर केली तेव्हा मागच्या रांगेत तिचा बाप बसलेला तिला दिसला. येणार असं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, ओले केस विंचरलेले, अंग घासून घासून मान लाल झालेली. अर्धा दिवस रजा काढून आला होता.

ती थांबली. कागदाची घडी घालते की काय असं मला वाटलं. पण तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

*बाबांच्या आधी बाबांचा वास येतो,*
*तोच आधी दार ढकलतो,*
*तोच आधी पाणी मागतो.*
*मग दमलेले बाबा येतात*
*आणि वासाच्या मागे उभे राहतात.*

*मी पुस्तक नाकापाशी धरते.*
*पुस्तकाची पाठ कुणी धरली आहे?*
*खुर्चीचा पाय कुणी धरला आहे?*
*कुणाचं तरी हाड, कुणाचं तरी कातडं,*
*आणि बाबांचे हात.*

*बाबा, मला तुमची किळस येते.*
*ही घासून जात नाही.*
*ही तुम्हीच बनवता तशी,*
*जे धरते ते सोडत नाही.*

मग टाळ्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता लोकांनी मागे वळून पाहिलं, कारण तिच्या नजरेवरून बाबा कोण ते सगळ्यांना कळलं होतं. त्याच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. तासभर त्याला चिकटून बसल्या होत्या, त्यांना काही वास आला नव्हता. आता त्यांनी पर्स उचलली आणि खुर्ची सरकवली. फरशीवर खुर्चीचा करकर आवाज झाला, टाळ्यांतूनही ऐकू आला. एका गृहस्थांनी पुढे होऊन त्याला म्हटलं, “फार सोसते हो तुमची मुलगी.” हात मात्र मिळवला नाही.

शीताई वरून हे बघत होती. उवा पाहतानासुद्धा तिचं तोंड असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो माणूस जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत बसायला लागला. कुणी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणे, “इथे हवा बरी असते.” लेकीला ते ताट बघवेना आणि बोलवावं म्हटलं तर शब्द निघेना. “खरं तेच लिहिलं होतं मी,” ती मला म्हणाली. “खोटं लिहिलं असतं तर चाललं असतं का?” मी सुईत नवा दोरा ओवायला घेतला.

बक्षीस फुलपाखराला मिळालं, तयार विकत आणलेल्या. ते एक असो. खरी घाण पुढेच आहे.

वर्षाच्या शेवटी शाळेचा वार्षिक अंक निघाला. त्यात तिची कविता छापली होती, वर दोन मोगऱ्यांचं चित्र. ‘किळस’ गेली होती. छापलं होतं: ‘बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो.’ आणि खाली, ‘हा घासून जात नाही.’

शीताईने अंक आणून गॅलरीत बापाच्या ताटाशेजारी ठेवला. मी तेव्हा वरच होते, तिच्या आईचा ब्लाउज द्यायला गेले होते. त्याने हात पुसले, सावकाश वाचलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी त्या चुन्याच्या हौदांच्या माणसाकडून कधी अपेक्षिलं नव्हतं. खवट शेंगदाणा चावल्यासारखं तोंड झालं त्याचं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी नाही.”

“ते कळतंय मला. तुझं मी ऐकलंय.” त्याने अंक उलटा ठेवला. “तुझं वाचून मला झोप आली नव्हती. पण हे... हे थुंकीने पुसल्यासारखं आहे. उद्या येतो मी शाळेत.”

“बाबा, रजा—”

“रजा नाही. पाळी सुटली की तसाच येतो.”

आणि तसाच गेला. पुढचं शीताईने सांगितलं, आणि ती वाढवून सांगणारी नाही. अंगावर चुन्याचे आणि चरबीचे डाग, पायांत रबरी बूट, असा तो मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेला आणि पाहुण्यांच्या मऊ कोचावर बसला. त्यांनी पर्समधून रुमाल काढून नाकाला लावला.

“हिची ओळ बदललीत तुम्ही,” तो म्हणाला.

“अहो, तुमचाच मान राखला आम्ही. मुलीने बापाबद्दल असं छापणं बरं दिसतं का? आम्हाला सगळ्यांनाच तुमच्या कष्टांचा अभिमान आहे.”

“आहे?”

“अर्थात.”

“मग तो रुमाल काढा.”

मुख्याध्यापिकांनी रुमाल खाली घेतला. एवढं मानलं पाहिजे. डोळ्यांत पाणी आलं, गळ्याशी काहीतरी वर-खाली झालं, आणि मग त्या खुर्ची पाडून खिडकीकडे धावल्या. त्यांची पाठ आणि खिडकीबाहेर वाकलेलं डोकं बघत तो शांतपणे बसून राहिला. त्या वळल्या तेव्हा म्हणाला, “हे बघा. माझ्या लेकीने खोटं लिहिलं नव्हतं.”

अंक पुन्हा छापला गेला नाही. चुकीची दुरुस्तीही कुठे आली नाही. पुढच्या वर्षी ‘विद्यार्थ्यांवर ताण नको’ म्हणून चार विषयांचा प्रकल्पच बंद झाला, आता फक्त तक्ते लावतात. कोचाचं कापड बदलून घेतलं म्हणे. ते काम मला मिळालं असतं तर मी घेतलं नसतं, हे मात्र नक्की.

शीताई आता बारावीत आहे, विज्ञान घेतलंय. तुम्हाला वाटत असेल की बापलेकीचं गळ्यात पडून झालं. तसलं काही नाही. कपडे अजून वेगळ्या बादलीत भिजतात, आणि तो आला की तिच्या नाकाला आजही सुरकुती पडते. तोंडावर सांगते, “बाबा, आज जास्त आहे,” आणि तो म्हणतो, “आज आतड्यांचा माल आला होता,” आणि तिची आई म्हणते, “अहो, जेवताना काय बोलता!” पण हे बोलणं टेबलाशी होतं. कोचावरून उठून आला त्याच संध्याकाळी तो पुन्हा ताट घेऊन गॅलरीकडे निघाला होता, तेव्हा शीताईने पायाने एक खुर्ची खिडकीकडे ढकलली.

“इथे बसा. वारा दाराकडून येतो. तुमचा सगळा बाहेर जाईल.”

तो बसला. ती दाराजवळ बसली, मधे आई. वारा पडलेल्या दिवशी काय करतात ते मी विचारलं नाही.